हात चुकतो तेव्हा यंत्र काय करते

वैद्यकीय उपकरणाची एक बाजू रुग्णाला जोडलेली असते आणि दुसरी ते चालवणाऱ्या माणसाच्या हाताशी असते. पहिल्या बाजूची तपासणी पूर्वीपासून कसोशीने होत आली आहे. सुई निर्जंतुक आहे का, पंप ठरलेल्या वेगाने औषध सोडतो का, विजेचा धक्का बसण्याचा धोका आहे का, हे सगळे पाहिले जाते. दुसऱ्या बाजूकडे मात्र बराच काळ कुणी पाहिले नाही. रात्रपाळीत एकटीने वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला पडद्यावरचा आकडा खाटेच्या पायथ्याशी उभे राहून वाचता येतो का, घाईत एका बटणाऐवजी दुसरे दाबले जाऊ शकते का, एका नळीच्या जागी दुसरी नळी बिनबोभाट बसते का, हे प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांच्या अखत्यारीतले मानलेच जात नसत. काही विपरीत घडले, की चालवणाऱ्याचा हलगर्जीपणा असा शेरा मारून फाईल बंद होई.

माणसाची नजर, स्मरणशक्ती, सवयी, थकवा आणि घाई यांचा अभ्यास करून त्यांना साजेशी यंत्रे व कामाच्या पद्धती आखणाऱ्या शास्त्राला ह्यूमन फॅक्टर्स किंवा मानवी घटकशास्त्र म्हणतात. कुशल, अनुभवी आणि मन लावून काम करणारा माणूसही चुकतो, हे त्याचे मूळ गृहीतक. त्याच्या चुका वाटेल तशा होत नाहीत. त्यांना ठराविक वळण असते. म्हणून त्या आधी ओळखता येतात आणि यंत्राच्या घडणीतच त्यांचा बंदोबस्त करता येतो.

या शास्त्राची पहिली पावले रुग्णालयात नव्हे, विमानात पडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरून धावपट्टीवर धावत असताना मध्येच पोटावर बसत. वैमानिकाला पंखांच्या झडपा मिटायच्या असत आणि मिटली जात चाके. अल्फोन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की दोन्हींच्या कळा शेजारी शेजारी आहेत आणि हाताला अगदी सारख्या लागतात. चाकांच्या कळीला छोट्या चाकाचा आकार आणि झडपांच्या कळीला पाचरीचा आकार द्यावा, असा उपाय त्यांनी सुचवला. अंधारातही बोटांना फरक कळू लागला. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी विमानाच्या कळा हाताळताना झालेल्या ४६० चुका तपासल्या. त्यांत सर्वांत मोठा गट एका कळीऐवजी दुसरी कळ ओढण्याचा निघाला. या सगळ्या चुकांची नोंद तोवर वैमानिकाच्या नावावर होत असे.

वैद्यकात हा विचार सर्वांत आधी रुजला तो भूलशास्त्रात, आणि त्याला कारण आहे. भूल दिलेला रुग्ण बोलत नाही, कण्हत नाही; त्याचा श्वासही बहुतेक वेळा यंत्राच्या हाती असतो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले अभियंता जेफ्री कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूलतज्ज्ञांच्या मुलाखती घेऊन टाळता येण्याजोगे ३५९ प्रसंग गोळा केले आणि १९७८ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ८२ टक्के प्रसंगांत माणसाची चूक आढळली. श्वासाची नळी निसटणे, वायूचा प्रवाह नकळत बदलणे, एका सिरिंजऐवजी दुसरी उचलणे, अशा त्या चुका होत्या. हा आकडा डॉक्टरांना धारेवर धरण्यासाठी वापरता आला असता. कूपर यांनी मात्र प्रत्येक प्रसंगात कुठली परिस्थिती चुकीला पोषक ठरली, हे विचारले. भूलशास्त्र पुढच्या काही दशकांत शस्त्रक्रियेच्या खोलीतले सर्वांत सुरक्षित काम होऊ लागले, त्यात या प्रश्नाचा वाटा मोठा आहे.

आजच्या भूलयंत्रासमोर उभे राहिले, की या विचाराच्या खुणा हाताला लागतात. ऑक्सिजनची गोल कळ इतर कळांपेक्षा मोठी, बाहेर आलेली आणि खोल खाचांची असते. डोळे रुग्णाच्या चेहऱ्यावर असतानाही बोटे ती ओळखतात. नायट्रस ऑक्साइडचा प्रवाह वाढवला, तर त्याला जोडलेली साखळी किंवा दंतचक्र ऑक्सिजनही सोबत वाढवते. मिश्रणातला ऑक्सिजन साधारण एक चतुर्थांशाच्या खाली जाऊ नये, अशी ही योजना असते. यंत्राच्या पाठीमागे छोटे सिलिंडर अडकवायची पकड असते आणि तिच्यावर दोन पिना उभ्या असतात. सिलिंडरच्या तोंडाशी त्या पिनांसाठी दोन भोके असतात आणि प्रत्येक वायूसाठी भोकांची जागा वेगळी असते. ऑक्सिजनची भोके दुसऱ्या आणि पाचव्या जागी, नायट्रस ऑक्साइडची तिसऱ्या आणि पाचव्या जागी. त्यामुळे निळा नायट्रसचा सिलिंडर ऑक्सिजनच्या पकडीत बसतच नाही. भारतात ऑक्सिजनच्या सिलिंडरचे अंग काळे आणि खांदे पांढरे असतात. पण रंग उडतो, अंधार असतो, काही जणांना रंग नीट ओळखू येत नाहीत. पिनांना यातले काहीच आड येत नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली ही साधी योजना आजही टिकून आहे.

तिलाही मर्यादा आहे. पिना सिलिंडर आणि यंत्र यांच्यामधल्या सांध्याची राखण करतात, भिंतीआडच्या नळांची नाही. सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकम हॉस्पिटलमध्ये २०१६ मध्ये नवजात बाळांसाठी असलेल्या एका ऑक्सिजनच्या जोडणीतून नायट्रस ऑक्साइड येत होता, कारण नळ बसवतानाच अदलाबदल झाली होती. एक बाळ दगावले आणि एकाला गंभीर इजा झाली. भिंतीवरची पट्टी ऑक्सिजनची होती, जोडणीचा आकार ऑक्सिजनचा होता. डॉक्टरांना संशय यावा असे समोर काहीही नव्हते. चूक वापरणाऱ्याच्या हातात येण्याच्या कितीतरी आधी तयार होऊन बसलेली असू शकते, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

नळ्यांच्या सांध्यांचा प्रश्न तर याहून जुना आणि व्यापक आहे. सिरिंज, सुई, सलाईनची नळी, कमरेतून दिलेल्या इंजेक्शनची सुई, नाकातून पोटात गेलेली नळी, रक्तदाब मोजायच्या पट्ट्याची नळी या सगळ्यांना वर्षानुवर्षे एकाच घडणीचे तोंड होते. त्याला लुअर जोड म्हणतात. सोय मोठी होती. कुठलीही वस्तू कुठेही बसे, साठा कमी ठेवावा लागे. धोकाही तोच होता, की कुठलीही वस्तू कुठेही बसे. रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिन नावाचे औषध शिरेतून देतात. ते मणक्यातल्या द्रवात गेले, तर रुग्ण जवळजवळ हमखास दगावतो. त्याच रुग्णांना दुसरे एक औषध मणक्यातून द्यावे लागते. दोन्ही सिरिंजमध्ये भरलेली, दोन्ही एकाच ट्रेमध्ये आली तर काय होते, हे २००१ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला दिसले. १८ वर्षांच्या मुलाला व्हिनक्रिस्टिन मणक्यात टोचले गेले आणि महिनाभरात तो वारला. असे मृत्यू त्याआधीही झाले होते, नंतरही झाले. प्रत्येक वेळी लेबल वाचा, दोघांनी तपासा, अशा सूचना निघाल्या. खरा फरक पडला तो वस्तू बदलल्यावर. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध सिरिंजऐवजी छोट्या पिशवीत भरून देण्याची शिफारस केली. कमरेच्या सुईला सलाईनची पिशवी जोडायला कुणाचा हात जात नाही. मणक्यासाठी आणि पोटात अन्न देणाऱ्या नळ्यांसाठी एकमेकांत न बसणारे वेगळे जोड ठरवणारी आंतरराष्ट्रीय मानके २०१६ मध्ये आली. भारतातल्या बहुतेक वॉर्डांत अजून जुनेच जोड वापरात आहेत आणि हा बदल लांबवण्यासारखा नाही.

यंत्रात संगणक शिरला तेव्हा चुकांचे रूप पालटले. त्याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे थेरॅक-२५. अटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कंपनीचे हे किरणोपचाराचे यंत्र अमेरिका आणि कॅनडात मिळून ११ ठिकाणी बसवलेले होते. १९८५ च्या जूनपासून १९८७ च्या जानेवारीपर्यंत त्याने सहा रुग्णांना प्रचंड मात्रेचे किरण दिले. काही त्यातून मरण पावले, काहींना कायमची इजा झाली.

या यंत्रात एकाच स्रोतातून दोन प्रकारचे उपचार होत. एका प्रकारात इलेक्ट्रॉनांचा सौम्य झोत थेट रुग्णावर सोडत. दुसऱ्यात साधारण शंभरपट तीव्र झोत धातूच्या पत्र्यावर आदळवून त्यातून क्ष-किरण काढत. तीव्र झोत सुरू असताना पत्रा मध्ये नसला, तर काय होईल हे सांगायला नको. याआधीच्या थेरॅक-२० मध्ये ही वेळ येऊ नये म्हणून स्वतंत्र विद्युत आणि यांत्रिक अडसर होते. थेरॅक-२५ मध्ये ते काढून ती जबाबदारी सॉफ्टवेअरवर सोपवली गेली. पुढे उघड झाले, की सॉफ्टवेअरमधला एक घातक दोष थेरॅक-२० मध्येही होता. पण तिथे त्यामुळे फ्यूज उडे आणि रुग्णाला काही होत नसे.

१९८६ च्या मार्चमध्ये टेक्सास राज्यातल्या टायलर गावी एक रुग्ण पाठीच्या वरच्या भागावरच्या उपचारासाठी आला. ही त्याची नववी खेप होती. चालवणारी बाई अनुभवी होती, हात बसलेला होता. बहुतेक रुग्णांना क्ष-किरण लागत म्हणून सवयीने तिने इलेक्ट्रॉनच्या ‘ई’ ऐवजी ‘एक्स’ टाइप केले. चूक लगेच लक्षात आली. वरच्या बाणाची कळ दाबून तिने अक्षर दुरुस्त केले, बाकीचे रकाने बरोबर होते म्हणून रिटर्न, रिटर्न करत ती खाली आली आणि उपचार सुरू केला. पडद्यावर सगळे बरोबर दिसत होते. पण पहिल्या नोंदीनुसार चुंबके जुळवायला यंत्राला सुमारे आठ सेकंद लागत आणि त्या आठ सेकंदांतली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या ध्यानातच येत नसे. यंत्र थांबले आणि पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले. मात्रा कमी गेल्याचे आकडे समोर होते. असले संदेश दिवसातून अनेकदा येत आणि ‘पी’ दाबून पुढे जायचे असते, हे सगळ्यांना अंगवळणी पडले होते. तिने ‘पी’ दाबले. आतल्या खोलीत रुग्णाला पहिल्याच वेळी विजेचा झटका बसल्यासारखे वाटून तो उठू पाहत होता; दुसरा झोत त्याच्या हातावर बसला. खोलीतला कॅमेरा त्या दिवशी जोडलेला नव्हता आणि आवाज ऐकायचे यंत्र बिघडलेले होते. १८० रॅड (किरणमात्रेचे एकक) द्यायचे होते तिथे १६,५०० ते २५,००० रॅड गेल्याचा अंदाज नंतर निघाला. पाच महिन्यांनी तो वारला.

तिथल्या भौतिकतज्ज्ञाने चालकबाईंना सोबत घेऊन हा संदेश पुन्हा आणण्याचा प्रयत्न चालू ठेवला आणि शेवटी तो जमला. दुरुस्ती पुरेशा वेगाने केली, तरच दोष उघडा पडत होता. म्हणजे सावकाश काम करणाऱ्या नवख्याच्या हातून अपघात झाला नसता. सराव झालेल्या हातातच तो दडलेला होता. कंपनीच्या अभियंत्यांना दोष सापडला नव्हता, याचे हेही एक कारण. यात आणखी एक धागा आहे. मूळ रचनेत चालकाला सगळी माहिती दोनदा भरावी लागे. ते कंटाळवाणे आहे अशी तक्रार आल्यावर कंपनीने नुसते रिटर्न दाबले की जुना आकडा कायम राहील, अशी सोय केली. सोय चांगलीच होती. पण दुबार नोंदीत एक तपासणी होत होती, ती गेली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही. अपघातांनंतर कंपनीने तात्पुरता उपाय म्हणून वरच्या बाणाच्या कळीचे टोपण काढून तिचे संपर्क चिकटपट्टीने बंद करायला सांगितले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या प्रकरणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. सॉफ्टवेअरमधला एखादा दोष दुरुस्त केल्याने असे यंत्र सुरक्षित होत नाही, पुढचा दोष निघेलच असे धरून अडसर ठेवावे लागतात, हे त्यांनी दाखवून दिले.

औषध मोजून सोडणारे इन्फ्युजन पंप याच अडचणीचे रोजचे रूप आहेत. २००६ मध्ये कॅनडातल्या एडमंटन इथे कर्करोगाच्या एका रुग्ण महिलेला चार दिवसांत द्यायचे फ्लुओरोयुरॅसिल हे औषध चार तासांत गेले. पिशवीच्या लेबलवर दर दिवसाचा २८.८ मिलिलिटर आणि दर तासाचा १.२ मिलिलिटर असे दोन्ही आकडे होते. पंपाला दर तासाचा आकडा हवा होता, भरला गेला दिवसाचा. दुसऱ्या सिस्टरने पडताळणी केली, तिच्याकडूनही २४ ने भागायचे राहिले. पंपाने आकडा निमूटपणे घेतला. काही आठवड्यांत ती महिला दगावली. दोघींनी तपासूनही चूक सुटते, कारण दोघींसमोर तेच लेबल आणि तोच आकडा असतो. ज्या लेबलवर नको असलेला आकडा हव्या असलेल्या आकड्याच्या शेजारी छापलेला आहे, ते लेबल सदोष आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २००५ ते २००९ या काळात इन्फ्युजन पंपांबद्दल सुमारे ५६,००० तक्रारी आल्या, त्यांत किमान ५०० मृत्यू होते. काही पंपांत एकदा दाबलेली कळ दोनदा नोंदली जाई आणि २ चे २२ होत. काहींत दशांशचिन्ह इतके बारीक, की १.० आणि १० यांत फरक दिसत नसे. नवे पंप औषधाचे नाव विचारतात आणि नेहमीच्या मर्यादेबाहेरचा आकडा आला तर अडतात. मात्र औषधांची ती यादी अद्ययावत नसली आणि पंप विनाकारण अडत राहिला, तर सिस्टर यादी वगळून थेट वेग भरायचा आडमार्ग शोधतात. आडमार्ग दिसला, की तो शिस्तभंग मानण्याआधी सरळ मार्ग का चालत नाही ते पाहावे, असे या क्षेत्रातले लोक सांगतात आणि ते योग्यच आहे.

रुग्णालयाबाहेर, घराघरांत आकडा चुकण्याची हीच अडचण इन्सुलिनच्या रूपाने आलेली आहे. भारतात इन्सुलिन दोन तीव्रतांचे मिळते. बऱ्याच बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात. इन्सुलिनच्या पेनाची काडतुसे आणि काही बाटल्या यांत १०० असतात. सिरिंजही दोन. लाल टोपीची चाळीसच्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपीची शंभरच्या इन्सुलिनसाठी. सिरिंजवरच्या रेघा मिलिलिटर दाखवत नाहीत, युनिट दाखवतात, त्यामुळे जोडी चुकली तर रेघ खोटे बोलते. शंभरचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर अंगात जातात ५० युनिट. रक्तातली साखर इतकी उतरू शकते, की माणूस बेशुद्ध पडेल. उलट चाळीसचे इन्सुलिन केशरी टोपीच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत ओढले, तर मिळतात ८ युनिट, आणि साखर का उतरत नाही हे कुणाला कळत नाही. पेन बिघडले म्हणून काडतुसातले औषध घरातल्या सिरिंजने काढणे, दुकानात लाल संपल्या म्हणून केशरी आणणे, या अगदी साध्या गोष्टी आहेत. टोपी तर सुई टोचण्याआधीच काढून ठेवलेली असते. खुणेचा रंग नेमका मोजायच्या वेळी नजरेआड जातो. त्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर १० च्या पुढे ‘युनिट’साठी एकच इंग्रजी अक्षर काढलेले असले, तर ते शून्यासारखे दिसून १० चे १०० वाचले जाऊ शकतात. बाटल्यांसाठी एकच तीव्रता आणि एकच सिरिंज ठेवणे, जसे अमेरिकेत आणि इतर अनेक देशांत बहुतांशी केले गेले, हा या गोंधळावरचा खरा उतारा आहे. तोवर खोक्यावरची तीव्रता आणि सिरिंजच्या नळीवर छापलेला आकडा एकमेकांशी ताडून पाहणे, एवढाच आधार घरच्या माणसांच्या हाती उरतो.

अतिदक्षता विभागातल्या आवाजांबद्दल वेगळे बोलावे लागते. मॉनिटर, व्हेंटिलेटर, पंप, सगळे वाजत असतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये जी सूचना काढली, तिच्यानुसार यांतल्या ८५ ते ९९ टक्के इशाऱ्यांवर काहीच करावे लागत नाही. २००९ ते २०१२ या काळात इशाऱ्यांशी संबंधित ९८ घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या, त्यांतल्या ८० मध्ये रुग्ण दगावला. सतत खोटे वाजणाऱ्या यंत्राकडे कान बंद होतात, ही कुठल्याही माणसाच्या मेंदूची रीत आहे. ती उपदेशाने बदलत नाही. इशाऱ्यांच्या मर्यादा रुग्णागणिक ठरवणे, नुसत्या माहितीचे आवाज बंद करणे आणि छातीवर चिकटवायच्या पट्ट्या वेळेवर बदलणे, यांनी खोटे आवाज बरेच घटतात.

आवाजाचा उत्तम उपयोग कसा करावा, हे पल्स ऑक्सिमीटरने शिकवले. जपानमधल्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात त्याचे तत्त्व शोधले. १९८० च्या दशकात शस्त्रक्रियेच्या खोलीत आलेल्या ऑक्सिमीटरांनी नाडीच्या प्रत्येक ठोक्याला एक सूर लावला आणि रक्तातला ऑक्सिजन जसा उतरेल तसा तो सूर खाली येईल, अशी सोय केली. भूलतज्ज्ञ पाठमोरा होऊन सिरिंज भरत असला, तरी सूर उतरू लागताच त्याची मान वळते. आकडा वाचावा लागत नाही, कर्कश घंटेची वाट पाहावी लागत नाही. शल्यचिकित्सकाचा हातही त्या सुराने थबकतो.

हेच उपकरण कोविडच्या काळात घरोघरी पोचले. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होती. बोटाला लावायच्या या चिमट्यावर ऑक्सिजन आणि नाडी असे दोन आकडे शेजारी असतात. नव्वदच्या आसपासची नाडी असली, तर कुठला आकडा कशाचा, हे नवख्याला कळत नाही. त्यातून हे आकडे इंग्रजी, ठोकळेबाज रेघांचे. चिमट्याच्या उलट्या बाजूने पाहिले तर ९८ चे ८६ दिसतात, आणि मोजणारा समोर बसलेला असतो तेव्हा तो उलट्या बाजूनेच पाहत असतो. थंड बोटे, नखांचा रंग, मेंदी यांनीही नोंद बिघडू शकते. याहून गंभीर गोष्ट २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका अभ्यासाने पुढे आणली. धोकादायक पातळीवर उतरलेला ऑक्सिजन ऑक्सिमीटरने चांगला दाखवल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट होते. गडद त्वचेच्या माणसांवर उपकरण पुरेसे पारखले गेले नाही, तर त्याचे आकडे त्यांच्यासाठी चुकीचे येतात. भारतासारख्या देशात हा मुद्दा दुय्यम मानून चालणार नाही.

यंत्र बंद आहे की चालू, हे न कळण्यानेही जीव जातो. एमआरआय यंत्रातले अतिवाहक चुंबक चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू असते. खडखडाट होतो तो फक्त तपासणीच्या वेळी. एरवी खोली शांत असते आणि शांत यंत्र म्हणजे बंद यंत्र, हा रोजचा अनुभव माणूस सोबत घेऊन येतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णाच्या तरुण नातेवाइकाने ऑक्सिजनचा सिलिंडर त्या खोलीत नेला. यंत्र बंद असल्याचे त्याला सांगितले गेले होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढून घेतले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. दारावरची पाटी हा इथला सर्वांत दुबळा उपाय आहे. टप्प्याटप्प्याने आत सोडणारी दारे, उंबऱ्याशीच लोखंड ओळखणारे यंत्र आणि त्या विभागात फक्त ॲल्युमिनियमचे सिलिंडर व बिनलोखंडी ट्रॉली ठेवणे, हे बळकट उपाय. आपल्या रुग्णालयांत रुग्णाची ने-आण, सिलिंडर धरणे, ट्रॉली ढकलणे ही कामे नातेवाईक करतात. इथली रचना करताना नातेवाईकही वापरकर्ता धरायला हवा.

उपायांची ही उतरंड आंतरराष्ट्रीय मानकांतही आहे. जोखीम व्यवस्थापनाच्या आयएसओ १४९७१ या मानकानुसार उत्पादकाने आधी धोका रचनेतूनच काढून टाकायचा, ते जमले नाही तर संरक्षक अडसर घालायचा, आणि सूचना, इशारे व प्रशिक्षण यांच्याकडे शेवटी वळायचे. उपयोगसुलभतेचे आयईसी ६२३६६ हे मानक २००७ मध्ये आले. त्यानुसार यंत्र कोण, कुठे, कोणत्या परिस्थितीत वापरणार हे आधी लिहून काढावे लागते. मग कच्चे नमुने घेऊन खऱ्या वापरकर्त्यांसमोर जायचे, ते कुठे अडखळतात ते पाहायचे, बदल करायचे आणि पुन्हा जायचे. शेवटच्या परीक्षेत कुणाला मदत करायची नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनेत प्रत्येक वापरकर्ता गटातले किमान १५ जण या परीक्षेला हवेत असे म्हटले आहे. ही संख्या लहान वाटते, पण जी चूक पंधरांतले दोघे करतात ती हजारो वापरांत किती वेळा होईल, याचा हिशेब सोपा आहे.

भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याच्या कक्षेत आली. उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला; गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याचे काम आहे. डॉक्टर, परिचारिका, जैववैद्यकीय अभियंते यांच्याबरोबर रुग्ण आणि नातेवाईकही तिथे तक्रार देऊ शकतात. इजा झाली नाही, थोडक्यात टळली, तरी ती घटना कळवता येते. नोंद उपयोगी पडायची, तर उपकरणाचे नाव, मॉडेल आणि बॅच क्रमांक लागतो. घटनेनंतर पंप बंद करून पुन्हा चालू केला, की त्या वेळची मांडणी पुसली जाऊ शकते. नळी, सिरिंज, रिकामी पिशवी कचऱ्यात गेली, की जोड कुठे चुकला ते कळत नाही. म्हणून रुग्ण सावरल्यावर पहिले काम म्हणजे यंत्र आहे तसे बाजूला ठेवणे, पडद्याचा फोटो काढणे, लागलेल्या सगळ्या वस्तू पिशवीत भरून त्यावर वेळ लिहिणे, आणि ते चालवणाऱ्या सिस्टरला किंवा तंत्रज्ञाला तिने काय पाहिले, तिला काय समजले आणि तिने काय केले, हे तिच्याच शब्दांत लिहू देणे.